पुरापरजीवीविज्ञान

पुरातत्त्वीय उत्खननांत मिळणाऱ्या मानवी व प्राणिज अवशेषांतील परजीवींचा, म्हणजे दुसऱ्या सजीवाच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्यापासून अन्न मिळविणाऱ्या जीवांचा, अभ्यास करणारी विज्ञानशाखा. परजीवविज्ञान, पुरातत्त्वविद्या, मानवशास्त्र व रेणवीय जीवविज्ञान या विषयांच्या सीमारेषेवर ही शाखा उभी आहे. उवा, पिसवा, गोचिड्या यांसारखे बाह्य परजीवीही तिच्या कक्षेत येतात. तथापि तिचा सर्वांत मोठा व सर्वांत फलदायी भाग आंत्र परजीवींचा म्हणजे आतड्यात राहणाऱ्या कृमींचा आहे.

आंत्र परजीवी माणसाच्या शरीरात कसे शिरतात हे त्यांच्या जीवनचक्रावर अवलंबून असते. जंताची अंडी विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, पाण्यातून व भाजीपाल्यातून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायांच्या त्वचेतून आत शिरते. पट्टकृमी अर्धवट शिजलेल्या मांसातून किंवा माशांतून येतो. त्यामुळे एखाद्या जुन्या वस्तीत कोणता कृमी होता हे निश्चित कळले, तर तेथील लोक काय खात, अन्न कसे शिजवीत, विष्ठेची विल्हेवाट कशी लावीत, कोणते प्राणी पाळीत आणि कोठून आले होते यांविषयी लेखी साधनांतून न मिळणारी माहिती हाती येते. ‘कोणता कृमी’ या प्रश्नाचे उत्तर केवळ सूक्ष्मदर्शकाने नेहमीच देता येत नाही. म्हणून अलीकडच्या काळात कृमींच्या अंड्यांत शिल्लक राहिलेल्या डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचे (डीएनएचे) विश्लेषण हा या शास्त्राचा प्रमुख आधार बनला आहे.

अवशेषांचे प्रकार : आंत्र परजीवींचे मऊ शरीर मृत्यूनंतर लवकर कुजते, टिकतात ती त्यांची अंडी. ती मुख्यत्वे चार प्रकारच्या अवशेषांत मिळतात. (१) वाळलेली किंवा खनिजीभूत विष्ठा. कोरड्या गुहा, वाळवंटे आणि मिठाच्या खाणी यांत ती हजारो वर्षे टिकते. (२) परिरक्षित मृतदेह. यांत ईजिप्तमधील व दक्षिण अमेरिकेतील ममी, उत्तर यूरोपातील दलदलीत सापडलेली प्रेते व हिमनद्यांत गोठलेली शरीरे यांचा समावेश होतो. (३) सांगाड्याच्या श्रोणीभागातील म्हणजे ओटीपोटाच्या जागची माती. मृतदेह कुजल्यावर आतड्यातील अंडी या जागी मातीत मिसळून राहतात. (४) जुने शौचकूप, गटारे व उकिरडे यांतील गाळ. पहिल्या तीन प्रकारांत अवशेष एका व्यक्तीचे असतात, तर चौथ्या प्रकारात ते संपूर्ण कुटुंबाचे किंवा वस्तीचे असतात. म्हणून शौचकूपातील गाळावरून एका माणसाच्या आजाराविषयी काही सांगता येत नाही. पण समाजाच्या सर्वसाधारण स्थितीची कल्पना त्यावरूनच अधिक चांगली येते.

इतिहास : या शास्त्राचा आरंभ १९१० मध्ये झाला असे मानतात. त्या वर्षी सर मार्क आर्मांड रूफर (१८५९–१९१७) यांनी ईजिप्तमधील विसाव्या राजवंशाच्या काळातील दोन ममींच्या मूत्रपिंडांत शिस्टोसोमा हीमॅटोबियम या रक्तातील पर्णकृमीची कॅल्शियमयुक्त झालेली अंडी दाखवून दिली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या रोगाचा तो प्रत्यक्ष पुरावा होता. १९४४ मध्ये लोटार झिडाट यांनी पूर्व प्रशियातील दलदलीत सापडलेल्या प्रेतांच्या आतड्यांतील अंड्यांचे वर्णन केले. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठातील एरिक कॅलेन व टॉमस कॅमेरन यांनी पेरूमधील वाका प्रिएटा येथील वाळलेल्या विष्ठेवर काम केले. ट्रायसोडियम फॉस्फेटाच्या सौम्य विद्रावात ती भिजविली असता तिला पूर्ववत मऊपणा येतो आणि तिच्यातील अंडी व अन्नाचे कण अभ्यासता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. ब्राझीलमधील लुइझ फेर्नांदो फेरेइरा व आदाउतो आराउझो यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे रूप दिले. त्याचे प्रचलित नावही फेरेइरा यांच्याकडूनच आले.

डीएनए विश्लेषणाचा टप्पा यानंतरचा आहे. डीएनएच्या अल्प अंशाच्या असंख्य प्रतिकृती करून देणारी पॉलिमरेझ साखळी विक्रिया कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधून काढली आणि प्राचीन अवशेषांतील डीएनएचा अभ्यास व्यवहार्य झाला. २००१ मध्ये बेल्जियममधील नामूर येथील चौदाव्या शतकातील विष्ठेत सापडलेल्या जंताच्या अंड्यांतून डीएनए मिळविण्यात व त्याचा क्रम वाचण्यात यश आले. तेव्हापासून आंत्रकृमींच्या रेणवीय इतिहासाच्या लेखनास खरी सुरुवात झाली.

सूक्ष्मदर्शकीय परीक्षण व त्याच्या मर्यादा : भिजविलेला नमुना बारीक चाळण्यांतून गाळून अंड्यांच्या आकारमानाचे कण वेगळे करतात व ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अनेक अंड्यांना ओळखू येण्याजोगे रूप असते. जंताचे अंडे लांबवट गोल, सुमारे ४५ ते ७५ मायक्रोमीटर लांब (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक हजारावा भाग) असून त्याचे बाह्य आवरण खडबडीत असते. चाबूककृमीचे अंडे पिंपाच्या आकाराचे असून त्याच्या दोन्ही टोकांना बुचासारखे भाग असतात. या खुणांमुळे प्रशिक्षित निरीक्षकास कृमीचा वंश बहुधा चटकन ओळखता येतो.

परंतु वंश ओळखणे म्हणजे जाती ओळखणे नव्हे. गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा व डुकराच्या मांसातून येणारा टीनिया सोलियम या दोन पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. अंकुशकृमींच्या माणसात राहणाऱ्या दोन प्रमुख जातींचेही तसेच आहे. माणसातील जंत ॲस्कॅरिस लुंब्रिकॉइडिस आणि डुकरातील जंत ॲस्कॅरिस सूम यांच्या अंड्यांत रूपावरून भेद करता येत नाही. त्यामुळे माणसे व डुकरे एकाच आवारात राहत असलेल्या वस्तीतील शौचकूपात जंताची अंडी मिळाली, तर ती कोणाच्या पोटातील होती हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. याशिवाय अंकुशकृमीच्या अंड्यांचे कवच पातळ असल्याने ती लवकर नष्ट होतात. लहान मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारा सूतासारखा बारीक कृमी एंटेरोबियस आपली अंडी विष्ठेत न घालता गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर घालतो. म्हणून विष्ठेत ती क्वचितच सापडतात. अशा कृमींचा डीएनए अंडी दिसत नसतानाही कधीकधी मिळतो. एंटेरोबियसचा डीएनए उत्तर व दक्षिण अमेरिकांतील कोलंबसपूर्वकालीन विष्ठेतून मिळाला असून त्याचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

डीएनएचे टिकणे व ऱ्हास : सजीव पेशीत डीएनएची सतत दुरुस्ती होत असते. मृत्यूनंतर ती थांबते आणि पाणी, ऑक्सिजन, उष्णता व सूक्ष्मजंतू यांच्या क्रियेने त्याची लांब साखळी तुटत जाते. जुन्या अवशेषांत राहिलेले तुकडे बहुधा शंभर क्षारकांहून आखूड असतात. शिवाय सायटोसीन या क्षारकातील अमिनो गट निघून जाऊन त्याचे युरॅसिलमध्ये रूपांतर होते. ही विकृती तुकड्यांच्या टोकांशी अधिक असते. असा बिघाड वाचनात अडथळा आणतो हे खरे. पण तोच प्राचीनत्वाची खूणही ठरतो. ज्या डीएनएत तो मुळीच नाही, तो अलीकडे बाहेरून मिसळला असण्याचा संभव असतो.

थंड, अगदी कोरड्या किंवा पाण्याने भरलेल्या व ऑक्सिजनविरहित जागी डीएनए अधिक काळ टिकतो. आर्द्र व उष्ण मातीत त्याचा ऱ्हास झपाट्याने होतो. या दृष्टीने कृमींची अंडी हे अनुकूल साधन आहे. जंताच्या अंड्याच्या कवचात स्निग्ध पदार्थाचा अपार्य थर व कायटिनाचा चिवट थर असतो. निसर्गात मातीत महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे तग धरण्यासाठी लाभलेले हे कवच आतील द्रव्याचे उत्खननापर्यंत रक्षण करते. अंड्यांची संख्याही मोठी असते. जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. तंतुकणिकांतील डीएनएच्या प्रती पेशीकेंद्रातील डीएनएच्या मानाने पुष्कळच अधिक असल्याने तो मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणून आरंभीचे बरेच संशोधन तंतुकणिकांतील जीनांवर झाले.

विश्लेषणाची पद्धती : प्रथम चाळून अंडी शक्य तितकी मातीपासून अलग करतात. त्यांची टणक कवचे गोठवून किंवा बारीक मण्यांबरोबर घुसळून फोडतात व प्रथिने विरघळविणाऱ्या एंझाइमाने डीएनए मोकळा करतात. मातीतील ह्यूमिक अम्ले पुढील विक्रियांना रोध करतात. ती काढून टाकण्यासाठी डीएनए सिलिकेवर बांधून धुतात. यानंतर दोन मार्ग असतात. पहिल्यात पॉलिमरेझ साखळी विक्रियेने एखाद्या ठरावीक जीनाचा लहानसा भाग वाढवून त्याचा क्रम वाचतात. हा मार्ग स्वस्त व संवेदनशील आहे, पण ज्या कृमीचा संशय आधीच आहे त्याचाच शोध त्यात लागतो. दुसऱ्यात नमुन्यातील सर्व डीएनए तुकड्यांचे एकत्रित क्रमनिर्धारण करून ते ज्ञात जीवांच्या डीएनएशी संगणकाच्या साहाय्याने ताडून पाहतात. यात अनपेक्षित परजीवी व खाल्लेल्या वनस्पती आणि प्राणी यांचाही पत्ता लागतो. मात्र तुलनेसाठीची माहितीच अपुरी किंवा सदोष असेल, तर एखादा तुकडा भलत्याच जीवाच्या नावावर जमा होण्याचा धोका असतो. कृमीचा डीएनए फारच थोडा असेल, तर त्याला चिकटणारे कृत्रिम तुकडे वापरून तो मिश्रणातून निवडून काढतात.

नियंत्रक नमुने व खबरदारी : परजीवीचे अंडे मिळाले म्हणजे रोग सिद्ध झाला असे होत नाही. जवळच्या शौचकूपातून झिरपलेली, नांगरटीने वर-खाली झालेली किंवा पुढील काळातील खतातून आलेली अंडीही कबरीत असू शकतात. म्हणून श्रोणीभागातील मातीबरोबरच कवटीजवळची, पायांजवळची व कबरीबाहेरची मातीही तपासणे आवश्यक असते. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड (मृत्यू १४८५) याच्या २०१२ मध्ये लेस्टर येथे सापडलेल्या सांगाड्यावरील काम हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या श्रोणीभागातील मातीत जंताची अंडी बऱ्याच संख्येने मिळाली. कवटीजवळच्या मातीत एकही मिळाले नाही व कबरीबाहेरच्या मातीत ती अगदी थोडी होती. या तुलनेमुळेच राजाला जंतांचा उपद्रव होता हा निष्कर्ष २०१३ मध्ये विश्वासाने मांडता आला. नियंत्रक नमुने नसते, तर तीच अंडी शहरातील घाणीची म्हणून नाकारता आली असती.

डीएनएच्या बाबतीत धोका याहून अधिक असतो. कारण हाताळणाऱ्या व्यक्ती, उपकरणे व रसायने यांतूनही डीएनए मिसळतो. १९९४ मध्ये डायनोसॉरच्या हाडांतून डीएनए मिळाल्याचे प्रसिद्ध झाले होते. तो पुढे मानवी डीएनए असल्याचे दिसून आले. तेव्हापासून स्वतंत्र व निर्जंतुक प्रयोगशाळा, नमुना न घालता केलेली रिकामी विक्रिया, टोकांशी असलेल्या बिघाडाची तपासणी व शक्य तेथे दुसऱ्या प्रयोगशाळेत पुनःपरीक्षण हे नियम रूढ झाले. आतड्यातील परजीवीच्या बाबतीत आणखी एक अट पाळावी लागते. ज्या विष्ठेतून कृमी मिळाला ती माणसाचीच होती, कुत्र्याची किंवा डुकराची नव्हती, हेही स्वतंत्रपणे दाखवावे लागते.

प्रमुख निष्कर्ष : (अ) माणूस, डुक्कर व जंत. माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी डुक्कर पाळण्यास सुरुवात केल्यावर त्याच्याकडून माणसाला जंत मिळाला, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. फ्रान्समधील आर्सी-सुर-क्यूर येथील पुराश्मयुगीन वस्तीच्या गुहेत ॲस्कॅरिसची अंडी पंचवीस ते तीस हजार वर्षांपूर्वीच्या थरांत मिळाली. हा काळ डुक्कर पाळण्याच्या फार पूर्वीचा आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबसपूर्व विष्ठेतूनही ॲस्कॅरिसचा डीएनए मिळाल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. त्या खंडात पाळीव डुक्कर यूरोपीयांबरोबर सोळाव्या शतकात पोहोचले. यावरून जंत माणसाच्या सोबतीला डुकराच्या आधीपासून असावा असे दिसते. केन्यातील खेड्यांतील लोकांकडून मिळालेल्या जंतांच्या संपूर्ण जीनसंचाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसातील व डुकरातील जंतांचा संकर झाल्याचे आढळले. त्यामुळे या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात की एकाच जातीचे दोन प्रकार, हा वाद अद्याप मिटलेला नाही. प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. डुकरातील जंत माणसात सहज येत असेल, तर केवळ माणसांना औषध देऊन रोगाचे निर्मूलन होणार नाही.

(आ) आहारातील बदल. जर्मनीतील ल्युबेक हे हान्झा संघातील प्रमुख व्यापारी शहर. तेथील मध्ययुगीन शौचकूपांतील अंड्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीच्या काळात माशांतून येणारा पट्टकृमी डायफायलोबोथ्रियम लॅटम विपुल होता, इ. स. १३०० च्या सुमारास तो कमी होऊन गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा वाढला. गोड्या पाण्यातील कच्चे वा अर्धकच्चे मासे खाण्याची पद्धत मागे पडून गोमांसाचा वापर वाढल्याचे हे चिन्ह होय. कातडी कमाविण्याच्या व खाटीककामाच्या धंद्यांमुळे शहराजवळचे पाणी दूषित झाले असावे, असे एक स्पष्टीकरण सुचविण्यात आले आहे. येथील चाबूककृमींच्या डीएनएत विविधताही मोठी आढळली. दूरदूरच्या बंदरांशी असलेल्या संपर्काशी ती जुळते.

(इ) माणसे व पाळीव प्राणी. डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग येथील अकराव्या शतकारंभीच्या व्हायकिंग वस्तीतील अंड्यांच्या डीएनएवरून माणसातील चाबूककृमी व जनावरांत आढळणारा यकृत पर्णकृमी यांची ओळख २०१५ मध्ये पटविण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर यूरोप व मध्य पूर्वेतील इ. स. पू. ५०० ते इ. स. १७०० या काळातील शौचकूपांचे नमुने घेतले गेले. जंत व चाबूककृमी यांबरोबर पाळीव जनावरांचे परजीवी आणि खाल्लेल्या वनस्पती व प्राणी यांचाही डीएनए त्यांत मिळाला. एकाच गाळातून वस्तीचे आरोग्य, आहार व पशुपालन या तिन्हींचे चित्र उभे राहते.

(ई) स्थलांतरे. अंकुशकृमीच्या अळीची वाढ होण्यास उबदार व ओली माती लागते. तरीही दक्षिण अमेरिकेत अंकुशकृमीची कोलंबसपूर्व अंडी मिळाली आहेत. बेरिंगच्या गोठलेल्या भूसेतूवरून पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू सरकणाऱ्या टोळ्यांबरोबर हा कृमी टिकून राहणे शक्य नव्हते. म्हणून काही लोक समुद्रमार्गे किंवा किनाऱ्याने त्वरेने आले असावेत, असे मत आराउझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. चाबूककृमीच्या बाबतीत प्रत्यक्ष डीएनएचा पुरावा उपलब्ध झाला आहे. सुमारे हजार वर्षांपर्यंत जुनी अंडी व आजचे कृमी यांच्या जीनसंचाची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसातील चाबूककृमीचा उगम आफ्रिकेत झाला व तो मानवाबरोबरच जगभर पसरला, असा निष्कर्ष तिच्यातून निघाला.

कधीकधी एकच अंडे प्रवासाची साक्ष देते. चीनमधील दुन्‌ह्‌वांगजवळच्या श्वेन्‌च्वान्‌जी या रेशीममार्गावरील ठाण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, टोकाला कापड गुंडाळलेल्या शौचकाड्या सापडल्या. त्यांवर क्लोनॉर्किस सायनेन्सिस या यकृत पर्णकृमीची अंडी मिळाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा कृमी दलदलीच्या प्रदेशातील गोड्या पाण्याच्या माशांतून येतो. वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या ठाण्याजवळ तो असणे शक्य नव्हते. रोगाने पछाडलेला प्रवासी शेकडो किलोमीटर अंतर तोडून तेथे आला होता, एवढे त्यावरून निश्चित होते. हे काम केवळ सूक्ष्मदर्शकाने झाले. रूपावरून ओळख निर्विवाद असेल तेथे डीएनएची गरज नसते, हेही या उदाहरणावरून दिसते.

(उ) स्वच्छतेच्या सोयी व आरोग्य. रोमन साम्राज्यात सार्वजनिक शौचालये, स्नानगृहे, गटारे व नळाचे पाणी यांची सोय होती. तरीही त्या काळातील थरांत जंत व चाबूककृमी यांचे प्रमाण आधीच्या काळापेक्षा कमी झालेले दिसत नाही. शौचालयांतील मैला शेतात ताजाच खत म्हणून टाकला जात असावा व त्यातून अंडी पुन्हा अन्नात येत असावीत, असे एक कारण दिले जाते. जंताच्या अंड्याला रोगकारक होण्यास मातीत दोन-तीन आठवडे लागतात. मैला नजरेआड केल्याने हे चक्र तुटत नाही. तो पुरेसा काळ कुजवावा लागतो.

इतर पूरक पद्धती : अमीबा, जिआर्डिया यांसारखे एकपेशीय परजीवी अंडी घालत नाहीत व त्यांची नाजूक कोष्ठे क्वचितच टिकतात. त्यांच्या शोधासाठी त्यांची विशिष्ट प्रथिने प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत अधिक उपयुक्त ठरली आहे. जेरूसलेममधील इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकांतील दोन दगडी शौचकूपांतील गाळात अतिसार निर्माण करणारा जिआर्डिया या पद्धतीने ओळखण्यात आला. त्याचा वृत्तांत २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शक, प्रतिपिंड-परीक्षण व डीएनए या तीन पद्धती परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. एकीने न दिसलेला परजीवी दुसरीने दिसतो. म्हणून एका पद्धतीने काही मिळाले नाही, एवढ्यावरून तो परजीवी तेथे नव्हता असे म्हणता येत नाही.

आजच्या दृष्टीने महत्त्व : जंत, चाबूककृमी व अंकुशकृमी हे भूतकाळातील रोग नव्हेत. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या कृमींची बाधा असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलाच्या गोळ्या देण्यात येतात. या गटातील औषधे १९६० नंतरच्या दशकात वापरात आली. तीच औषधे दीर्घकाळ दिल्याने जनावरांतील कृमींमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण झाल्याचा अनुभव आहे; ती एका विशिष्ट प्रथिनाच्या जीनातील थोड्याशा बदलाने येते. माणसातील कृमींत असे बदल औषधांपूर्वीपासून होते की औषधांमुळे वाढले, हे ठरविण्यासाठी औषधपूर्व काळातील डीएनए हा एकमेव प्रत्यक्ष आधार होय. संपन्न देशांत स्वच्छतेमुळे जे कृमी लोपले, त्यांच्या तेथील पूर्वीच्या प्रकारांची माहितीही आता केवळ जुन्या शौचकूपांतच मिळू शकते.

भारतातील स्थिती : कृमिरोगांचे ज्ञान भारतात जुने आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत कृमींचे वीस प्रकार सांगितले असून त्यांत विष्ठेत उत्पन्न होणाऱ्या कृमींचा स्वतंत्र गट आहे. तथापि या नावांची आजच्या जातींशी निश्चित सांगड घालता येत नाही; ती घालण्यास प्रत्यक्ष अवशेषांचा पुरावा हवा. तो मिळविण्यात अडचणी आहेत. दहनाच्या रूढीमुळे ऐतिहासिक काळातील सांगाडे कमी मिळतात आणि उष्ण व पावसाळी हवामानात डीएनए फार काळ टिकत नाही. हरयाणातील राखीगढी येथे पुण्याचे डेक्कन कॉलेज व दक्षिण कोरियातील सोल राष्ट्रीय विद्यापीठ यांनी २०१३ ते २०१६ या काळात हडप्पा संस्कृतीच्या दफनभूमीचे उत्खनन केले. तेथील साठांहून अधिक मानवी नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या अवशेषांतून मानवी जीनसंचाच्या अभ्यासास पुरेसा डीएनए मिळाला. त्याचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील हवामानात यशाचे प्रमाण किती अल्प असते याची यावरून कल्पना येते. कोरियातील संशोधकांचा अनुभव याउलट आहे. तेथील जोसेऑन राजवटीच्या काळातील कबरींना चुन्याच्या मिश्रणाचे घट्ट वेष्टन असल्याने त्यांतील शरीरे ममीसारखी टिकली व त्यांतून जंत आणि चाबूककृमी यांची अंडी व डीएनए दोन्ही मिळाले. या अनुभवाच्या आधारे भारतीय कबरींतील माती परजीवींच्या अंड्यांसाठी तपासण्याचे प्रयत्नही या सहकार्यातून झाले आहेत.

हडप्पा संस्कृतीच्या नगरांतील स्नानगृहे व झाकलेली गटारे प्रसिद्ध आहेत. या व्यवस्थेने तेथील लोकांचे कृमींपासून किती रक्षण झाले, याचे उत्तर विटांच्या रचनेवरून देता येत नाही; रोमच्या उदाहरणावरून तसे अनुमान करणे धोक्याचे आहे हे दिसते. महाराष्ट्रातील इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने मिळाली. अशा स्थळी माणसे व जनावरे शेजारी राहत असल्याने हाच प्रश्न तेथेही उपस्थित होतो. परंतु या शास्त्राचा पुरावा डोळ्यांना दिसत नाही. सांगाडा स्वच्छ करताना श्रोणीतील माती फेकून दिली, की तो कायमचा नष्ट होतो. हाडे संग्रहालयात ठेवून नंतर तो मिळविता येत नाही. म्हणून कवटी, श्रोणी व पाय यांजवळील मातीचे प्रत्येकी काही ग्रॅम नमुने खोदकामाच्या वेळीच वेगवेगळे घेऊन, जागेची नोंद करून, थंड व कोरड्या जागी जतन करणे हा उत्खननाचा नित्याचा भाग व्हावा, असा या विषयातील तज्ञांचा आग्रह असतो.